टाकीत किती आणि हाती किती?
(जुन्या शिडाच्या होडीतील तेलाचा हिशेब)

सिद्धेश्वरच्या रहिवाशांना समुद्रावरील होडीची गोष्ट सांगावयाची म्हणजे प्रथम थोडे स्पष्टीकरण द्यावयास हवे. समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर आहे. शीड उभारलेली होडी आपल्यापैकी पुष्कळांनी चित्रातच पाहिली असेल. तरीही आज आम्ही जो विषय मांडणार आहोत, त्याची निम्मी समजूत या गावाला आधीच आहे. कारण आपल्या उशाशी धरण आहे.

पूर्णा नदीवर वर येलदरी आणि खाली सिद्धेश्वर, अशी ही दोन धरणे १९६८ सालापासून उभी आहेत. सिद्धेश्वरच्या जलाशयाची एकूण क्षमता सुमारे २५० दशलक्ष घनमीटर सांगतात. परंतु त्यांपैकी सुमारे १७० दशलक्ष घनमीटर हा मृतसाठा होय; म्हणजे कालव्याच्या तोंडाखाली राहणारे पाणी. उपयुक्त साठा उरतो तो सुमारे ८१ दशलक्ष घनमीटर. भिंतीवर उभा राहून अथांग पाणी पाहणारा पाहुणा म्हणतो, 'केवढे हे पाणी!' कालव्याकाठचा शेतकरी मात्र विचारतो, 'यांतले कालव्याला किती?' पाहुण्याचा प्रश्न पाण्याचा आहे, शेतकऱ्याचा प्रश्न हिशेबाचा आहे. जुन्या होडीच्या तेलाच्या टाकीसंबंधी आम्हांस नेमका हाच शेतकऱ्याचा प्रश्न विचारावयाचा आहे.

कोणी म्हणेल, शिडाची होडी वाऱ्यावर चालते. तिला तेल कशाला? शंका रास्त आहे. आपल्या कोकणकिनाऱ्यावर मचवे आणि गलबते शतकानुशतके वाऱ्यावरच चालली. स्वातंत्र्यानंतरच्या काही दशकांत सरकारी कर्जे व सहकारी संस्था यांच्या द्वारे मच्छीमारांच्या होड्यांवर डिझेलची इंजिने बसत गेली. मालवाहू गलबतांनाही इंजिने आली. पुष्कळ होड्यांचे शीड पुढे उतरले ते कायमचे. काहींवर मात्र शीड आणि इंजिन ही दोन्ही नांदू लागली. ज्या होड्या आजही मुख्यतः वाऱ्यावर चालतात त्यांनाही इंजिन लागते. वारा पडला, बंदराच्या चिंचोळ्या तोंडातून आत शिरावयाचे आहे, भरतीचा ओढ खडकाकडे नेत आहे, अशा वेळी शीड उपयोगी पडत नाही. शिवाय दिवे, बिनतारी यंत्र आणि दिशादर्शक उपकरणे यांच्या बॅटऱ्या भरण्यासही पुष्कळ होड्यांवर इंजिनच फिरवावे लागते.

आपल्या मराठी माणसाचेच उदाहरण द्यावयाचे तर नौदलाचे दिलीप दोंदे यांचे देता येईल. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते मुंबईहून 'म्हादेई' नावाच्या छप्पन्न फुटी शिडाच्या होडीतून एकटे निघाले आणि ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, फॉकलंड बेटे व दक्षिण आफ्रिका येथे थांबत १९ मे २०१० रोजी मुंबईस परतले. शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. ती होडी गोव्यातील दिवाड बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. अशा प्रवासाचे श्रेय वाऱ्याला आणि माणसाला जाते हे खरे. पण महिनोन्‌महिने जमीन न पाहणाऱ्या होडीवर तेलाचा प्रत्येक लिटर मोजूनच खर्चावा लागतो. समुद्रात पेट्रोल पंप नाही आणि रस्त्याच्या कडेला गाडी लावून डबा घेऊन पायी जाण्याची सोयही नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. टाकीत तेल किती आहे हे कळावे कसे?

नव्या होडीवर मोटारीसारखा काटा असतो. टाकीत एक तरंगता गोळा असतो, त्याला एक दांडी असते, आणि गोळा खालीवर झाला की विजेचा अडथळा कमीजास्त होऊन काटा हलतो. योजना चांगली आहे. परंतु होडी जुनी झाली म्हणजे खाऱ्या हवेने तारांचे जोड गंजतात, दांडी अडकते, गोळ्याला भोक पडून तो बुडतो. मग काटा एका जागी बसतो किंवा मनास येईल तसा नाचतो. बंद पडलेल्या काट्यापेक्षा खोटे सांगणारा काटा अधिक घातक. कारण बंद काट्यावर कोणी विसंबत नाही.

दुसरी रीत काचनळीची. टाकीच्या बाजूस वरून खालपर्यंत पारदर्शक नळी लावतात. टाकीत जेवढी पातळी तेवढीच नळीत. यात बिघडण्याजोगे फारसे काही नाही. मात्र नळी फुटली तर सारी टाकी तळात रिकामी होईल आणि आग लागली तर नळीच प्रथम वितळेल. म्हणून खालची तोटी एरवी बंद ठेवावी, पाहण्यापुरती उघडावी आणि पुन्हा बंद करावी.

तिसरी रीत सर्वांत जुनी, सर्वांत स्वस्त आणि आमच्या मते सर्वांत विश्वासू. ती म्हणजे काठी. पेट्रोल पंपावरचा नोकर जमिनीखालच्या टाकीत गज सोडून 'डिप' घेतो तीच ही रीत. तेलाच्या इंजिनावर पाणी उपसणारा शेतकरीही टाकीचे झाकण काढून वाळकी काडी आत घालून पाहतो. परंतु नुसती काठी बुडवून भागत नाही. काठी सांगते ती उंची. आपणांस हवे असतात लिटर. उंचीवरून लिटर काढण्यास टाकीचा आकार ठाऊक असावा लागतो, आणि जुन्या होडीत फसगत होते ती येथेच.

टाकी चौकोनी पेटीसारखी असेल तर हिशेब सरळ आहे. निम्मी उंची म्हणजे निम्मे तेल. आडव्या पिंपासारखी गोल असेल तर निम्म्या उंचीला निम्मे तेल हे खरे, पण पाव उंचीला पाव नसते. पंचवीस टक्के उंचीला तेल साडेएकोणीस टक्केच भरते आणि दहा टक्के उंचीला जेमतेम पाच टक्के. होडीच्या तळाशी जागा निमुळती असते. त्या जागेत बसावी म्हणून टाकीही पुष्कळदा खाली निमुळती, पाचरीच्या आकाराची करतात. अशा टाकीत निम्म्या उंचीला तेल असते ते फक्त पाव!

हे आकड्यांत पाहू. समजा, पाचरीसारखी साठ लिटरांची टाकी आहे. काठी निम्मी भिजली. अजाण माणूस म्हणेल, तीस लिटर आहेत. इंजिन तासाला दोन लिटर खाते. पंधरा तासांची चिंता नाही. वस्तुतः टाकीत पंधराच लिटर आहेत. त्यांतही इंजिनाकडे जाणारी नळी टाकीच्या अगदी तळाला टेकलेली नसते. गाळ ओढला जाऊ नये म्हणून ती बोटभर वर ठेवतात. शिवाय लाटेवर तेल हिंदकळते आणि नळीचे तोंड मधूनच उघडे पडते. म्हणून तळाचे पाच लिटर मृतसाठा धरले पाहिजेत. उरले दहा लिटर, म्हणजे पाच तास. ज्याला पंधरा तास वाटत होते त्याच्या हाती पाच आहेत. काठी खोटे बोलली नाही. तिची भाषा आपणांस आली नाही, इतकेच.

ही भाषा शिकण्यास विद्यापीठात जावे लागत नाही, एक सकाळ पुरते. टाकी पुरती रिकामी करावी. त्या निमित्ताने तळाचा गाळही निघतो. होडी शांत पाण्यात, सरळ उभी असावी. मग मापाच्या भांड्याने पाच लिटर तेल ओतावे, स्थिर होऊ द्यावे, वाळकी काठी सरळ तळापर्यंत सोडून बाहेर काढावी आणि जेथवर भिजली तेथे चाकूने खाच करावी. पुन्हा पाच लिटर, पुन्हा खाच. साठ लिटरांच्या टाकीला बारा खाचा झाल्या की काठी साक्षर झाली. टाकी चाळीस सेंटीमीटर खोल आणि पाचरीसारखी असेल तर पहिली खाच साडेअकरा सेंटीमीटरांवर येईल, आणि शेवटच्या दोन खाचांत पावणेदोन सेंटीमीटरांहून अधिक अंतर राहणार नाही. खाचांमधील अंतर असे असमान आलेले पाहून कित्येकांना आपलेच चुकले असे वाटते. चुकलेले काही नसते. टाकीचा आकारच काठीवर उतरलेला असतो.

काठी वापरताना तीन पथ्ये पाळावीत. एक, काठी नेहमी त्याच भोकातून आणि सरळ उभी सोडावी. तिरपी गेली तर ती अधिक भिजते आणि तेल अधिक दाखविते. दोन, एकच ठरलेली काठी वापरावी आणि तिच्यावर होडीचे व टाकीचे नाव कोरावे. तीन, होडी कललेली असता घेतलेले माप हिशेबात धरू नये. हे तिसरे पथ्य शिडाच्या होडीस विशेष लागू आहे. वाऱ्याच्या दाबाने ती तासन्‌तास एका अंगावर कलून चालते. पंधरा अंशांचा कल हा समुद्रावर काही मोठा नव्हे. टाकी साठ सेंटीमीटर रुंद आणि काठीचे भोक मध्यावर नसून एका कडेस असेल, तर तेवढ्या कलाने पातळी आठ सेंटीमीटर चुकते. तीस सेंटीमीटर खोल टाकीत ही चूक पाव टाकीहून मोठी आहे. म्हणून माप घ्यावयाचे ते निघण्यापूर्वी धक्क्याला. समुद्रात घ्यावेच लागले तर शीड सैल करून होडी क्षणभर सरळ होऊ द्यावी, दोनतीनदा काठी सोडावी आणि सर्वांत कमी माप खरे धरावे.

परंतु एकाच साक्षीदारावर निकाल देऊ नये हे आम्ही कामगारांच्या खटल्यांतून शिकलो आहोत. काठीला दुसरा साक्षीदार हवा आणि तो म्हणजे नोंदवही. इंजिन किती वाजता सुरू केले, किती वाजता बंद केले, किती लिटर भरले, काठी काय म्हणाली, एवढे चार रकाने पुरेत. लहान डिझेल इंजिन प्रत्यक्ष खर्चलेल्या एका अश्वशक्तीमागे तासाला पाव लिटरच्या किंचित खाली तेल घेते. बारा अश्वशक्तीचे इंजिन आठ अश्वशक्तींवर चालविले तर तासाला साधारण दोन लिटर. हा झाला पुस्तकी अंदाज. आपल्या इंजिनाचा खरा आकडा चारसहा फेऱ्यांच्या नोंदींतून आपोआप निघतो. मग वही आणि काठी यांची गाठ घालावी. दोन्ही जुळल्या तर ठीक. काठीवर तेल वहीपेक्षा कमी निघाले तर नळी गळते आहे, इंजिन आजारी आहे, किंवा कोणाचा तरी डबा भरला जात आहे. तेल अधिक निघाले तर आनंद मानू नये; टाकीत पाणी शिरले असण्याचा संभव आहे.

पाण्याचे हे दुखणे जुन्या होडीस फार. डिझेलचा एक लिटर वजनाला साडेआठशे ग्रॅमच्या आतबाहेर असतो, पाण्याचा हजार. म्हणून पाणी तळाशी बसते आणि वर तेल तरंगते. काठी मात्र दोन्ही मिळूनची उंची सांगते. झाकणाच्या सैल चकतीतून लाटेचे पाणी शिरते, आणि अर्धवट रिकाम्या टाकीत हवेतील दमटपणा थेंबथेंब जमतो. तेल आणि पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्म जंतू वाढून शेवाळासारखा चिकट थर होतो. होडी धक्क्याला शांत असता तो तळाशी निजलेला असतो. नेमका वादळात, टाकी घुसळली गेली म्हणजे उठतो आणि गाळणी चोंदवितो. काठीच्या टोकास लावण्याचे एक मलम मिळते, त्याचा रंग पाण्याने बदलतो. पाणी किती बोटे आहे ते त्यावरून कळते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते व होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. त्या काळात टाकी भरलेली ठेवावी आणि हंगामाच्या आरंभी तळाची तोटी उघडून पाणी काढून टाकावे.

टाकीत तेल असूनही इंजिन उपाशी मरते, असे आणखी दोन प्रकार आहेत. टाकीत हवा जाण्याची बारीक नळी मिठाने किंवा किड्याच्या घराने बुजली म्हणजे तेल ओढले जात नाही. आणि इंजिनाने एकदा नळीतून हवा घेतली म्हणजे नुसते तेल भरून ते सुरू होत नाही; पेच सैल करून हवा काढावी लागते. आपल्याकडच्या इंजिनवाल्या शेतकऱ्याला हे सांगावयास नको. पण विहिरीच्या काठावर उजेडात बसून हवा काढणे निराळे आणि अंधारात, हेलकाव्यांत, खडक समोर दिसत असता काढणे निराळे. म्हणूनच टाकी कोरडी पडू न देणे हाच खरा उपाय.

याकरिता दर्यावर्दी लोकांत एक नियम रूढ आहे: एक तृतीयांश जाण्यास, एक तृतीयांश येण्यास आणि एक तृतीयांश अडीअडचणीस. आपल्या साठ लिटरांच्या टाकीतून मृतसाठ्याचे पाच वजा केले की पंचावन्न उरतात. त्यांचा तिसरा हिस्सा अठरा लिटर, म्हणजे नऊ तास. ताशी पाच सागरी मैलांच्या वेगाने होडी वाऱ्याविना पंचेचाळीस सागरी मैल बाहेर जाऊ शकेल, त्यापुढे नाही. मालकाने कितीही आग्रह केला तरी नाही.

'मालक' हा शब्द आला, तेव्हा विषयाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मासेमारीच्या होडीवर खलाशाला पुष्कळ ठिकाणी ठरलेला पगार नसतो, वाटा असतो. मासळी विकली की तिच्या पैशांतून प्रथम डिझेल, बर्फ आणि शिधा यांचा खर्च वजा होतो, आणि उरलेल्या रकमेचे मालक व खलाशी यांत वाटे पडतात. रीत बंदरागणिक वेगळी. पण तेलाचा खर्च आधी, माणसाचा वाटा मागून, हा क्रम सर्वत्र एकच. तेव्हा टाकीत खरोखर किती लिटर गेले आणि किती जळले, हा आकडा खलाशाच्या घरच्या चुलीपर्यंत पोचतो. वीस लिटर जास्त लिहिले गेले तर ते सर्वांच्या वाट्यांतून गेले. राज्य सरकार मच्छीमारांना डिझेलवरील कराचा परतावा सहकारी संस्थांमार्फत देत आले आहे. तो मिळण्यासही नोंद लागते. असे असता काठी एकाच्या हातात, वही एकाच्या कपाटात आणि बाकीच्यांनी मान डोलवावी, ही रीत बरी नव्हे. तांडेलाने काठी घ्यावी, एका खलाशाने ती पाहावी, आणि दोघांनी वहीत सही किंवा अंगठा करावा. यात अविश्वास नाही. उघडा हिशेब असला म्हणजे विश्वास टिकतो.

हे केवळ समुद्रावरचे आहे असेही नाही. आमच्या माहितीतील एका बांधकामावर रोलर चालविणाऱ्या गड्याच्या मजुरीतून चौदा लिटर डिझेल कमी भरले म्हणून पैसे कापले गेले. चौकशीत निघाले असे की, सकाळचे माप रोलर उतारावर उभा असताना घेतले होते आणि संध्याकाळचे सपाटीवर. त्या टाकीला खुणांची काठी कोणी कधी केलेलीच नव्हती. जी होती ती एक लोखंडी सळई होती. तेल कोणी चोरले नव्हते, ते फक्त एका अंगाला गेले होते. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने सांगितले होते की, सोपविलेल्या मालाच्या नुकसानीबद्दल मजुरी कापावयाची तर ते नुकसान त्या कामगाराच्याच हयगयीने झालेले असले पाहिजे आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. २०१९ च्या वेतन संहितेतही हे तत्त्व कायम आहे. पण कायद्याच्या आधारे बोलण्यासही आकडा लागतो. ज्या कामगाराला काठी वाचता येते त्याची बाजू ऐकून घ्यावी लागते. ज्याला येत नाही त्याला दयेची याचना करावी लागते.

आम्ही शाळेत फार शिकलो नाही. बेरीज-वजाबाकी आणि त्रैराशिक एवढ्या भांडवलावर आमचे काम चालले आहे आणि वर सांगितलेल्या साऱ्या गोष्टींना त्याहून अधिक काही लागत नाही. म्हणून या गावातील तरुणांना आमची एक विनंती आहे. तुमच्यापैकी कोणी ट्रॅक्टर चालवितो, कोणी पाण्याचा टँकर, कोणी तेलाचे इंजिन. उद्या कोणी कोकणात होडीवरही कामास जाईल. येत्या रविवारी आपल्या टाकीची एक काठी तयार करा. मापाने तेल ओता, खाचा पाडा, तळाचे किती लिटर हाती येत नाहीत ते निराळे लिहून ठेवा, आणि ती काठी चार माणसांच्या देखत टाकीपाशी टांगा. खर्च एका वाळक्या काठीचा आणि एका सकाळचा आहे.